‘घसरून पडले’ म्हणण्यापूर्वी...

‘बाथरूममध्ये घसरले,’ आठव्या महिन्यातली बाई सांगते. सोबतची सासू मान डोलावते. पोटावरचा वळ मात्र वेगळेच सांगत असतो. सरकारी रुग्णालयात हे दृश्य नवे नाही.

पोटाला मार बसला की वार वेळेआधीच गर्भाशयापासून सुटू शकते. रक्त आतच साचते. बाहेर दिसेलच असे नाही. पोट घट्ट होणे, दुखणे, रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच रुग्णालय गाठा. लक्षणे नसली तरी तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागू शकते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ नुसार स्त्रीच्या संमतीविना जाणूनबुजून गर्भपात घडवणाऱ्याला जन्मठेपही होऊ शकते. जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यातून बाई वाचली, पण हालचाल करू लागलेले बाळ पोटातच दगावले, तर कलम ९२ नुसार १० वर्षांपर्यंत कैद आहे.

पण कायद्याला पुरावा लागतो आणि त्याची सुरुवात केसपेपरवर होते. म्हणून तपासणीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवायला सांगा आणि डॉक्टरांना खरे सांगा. मदतीसाठी महिला हेल्पलाइन : १८१.