राळेगणसिद्धी : वस्ती आणि वाटा

राळेगणसिद्धी हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातले गाव. पुण्याहून ते ८७ किलोमीटरवर आहे. गावाचे क्षेत्र ९८२ हेक्टर, म्हणजे साधारण चोवीसशे एकर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख असल्याने वर्षाकाठी ४५० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा.

२००१ च्या जनगणनेत गावात ३९४ कुटुंबे आणि २,३०६ माणसे मोजली गेली. त्यांत पुरुष १,२६५ आणि स्त्रिया १,०४१ होत्या. कुटुंबामागे सरासरी सहाच्या आसपास माणसे आणि चौरस किलोमीटरला सुमारे २३५, असा हिशेब निघतो. हजार पुरुषांमागे स्त्रिया मात्र ८२३ च भरतात. त्या वर्षी राज्याचे प्रमाण ९२२ होते. हा आकडा खटकणारा खरा, पण इतर शाळांत नापास झालेल्या बाहेरगावच्या मुलांसाठी इथे वसतिगृह आहे आणि वसतिगृहात राहणारे जनगणनेत त्याच गावात मोजले जातात. लहान गावात अशा मुलांच्या संख्येनेही प्रमाण हलते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

या लोकसंख्येमागे स्थलांतराचा इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास बहुतेक शेती कोरडवाहू होती. हाताला काम नसल्याने लोक बाहेर मजुरीला जात आणि गावात दारूच्या भट्ट्या चालत. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले. गावातल्या यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून काम सुरू झाले, पुढे नालाबांध आणि पाझर तलाव झाले, झाडे लावली गेली. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही गावाची पंचसूत्री. कुटुंबनियोजनाला कुऱ्हाडबंदीच्या पंक्तीला बसवणारी गावे फारशी आढळत नाहीत. जेवढे पाणी तेवढीच माणसे आणि तेवढीच जनावरे, असा रोखठोक विचार या पंचसूत्रीमागे दिसतो. विहिरींना पाणी टिकू लागले, दुसरे पीक निघू लागले आणि मजुरीसाठी गाव सोडण्याची गरज कमी झाली.

गाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर नाही. पुण्याहून शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असे येऊन घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. पुढे वाडेगव्हाण येते. तिथल्या फाट्यावरून पाचएक किलोमीटर आत राळेगणसिद्धी आहे आणि हाच रस्ता पुढे पारनेरला जातो. तालुक्याची कचेरी आणि एसटीचे आगार पारनेरलाच. संत निळोबारायांचे पिंपळनेरही जवळच असल्याने वारकऱ्यांचीही या भागात ये-जा असते.

गावाला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक दौंड–मनमाड मार्गावरचे अहिल्यानगर. पुण्याहून रेल्वेने येणे म्हणजे दौंडचा वळसा, त्यामुळे रस्ताच सोयीचा. विमानतळ पुण्यात लोहगावला आहे. एका बाजूला सुपे आणि दुसरीकडे रांजणगाव अशा दोन औद्योगिक वसाहती महामार्गालगत असल्याने पंचक्रोशीतल्या कामगारांचीही वर्दळ असते.

पाणलोटाचे काम पाहायला शेतकरी, विद्यार्थी आणि अधिकारी येत असत. अण्णांच्या २०११ च्या लोकपाल आंदोलनानंतर त्यांत राजकीय कार्यकर्ते आणि पत्रकारांची भर पडली. गावात अण्णांचे उपोषण सुरू असले की फाट्यावरून येणाऱ्या अरुंद रस्त्यावर वाहनांची कोंडी होते. एरवी गर्दी नसते. एसटीने येणाऱ्याने उतरायचे ठिकाण वाडेगव्हाण फाटा असल्याचे लक्षात ठेवावे आणि जलद गाडी तिथे थांबते का, हे वाहकाला आधीच विचारून घ्यावे.