हवेत एक, मातीत दुसरं

रियाधच्या मुरब्बा भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक काळसर, ओबडधोबड लोखंडी गोळा ठेवला आहे. वजन दोन टनांहून जास्त. हा आकाशातून पडलेला अशनी. सापडला रियाधपासून शेकडो किलोमीटर दूर, रुब अल खालीच्या वाळवंटात, वाबार नावाच्या जागी.

त्याच्या शोधाची गोष्ट मजेशीर आहे. हॅरी सेंट जॉन फिल्बी हा ब्रिटिश माणूस सिलोनमध्ये जन्मला, पंजाबात आयसीएस अधिकारी म्हणून नोकरीला लागला आणि पुढे सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांचा सल्लागार झाला. १९३२ मध्ये तो वाळूत गाडल्या गेलेल्या एका नगरीच्या शोधात निघाला. वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं, तिथे उंटाएवढं लोखंड पडलंय. नगरी नव्हतीच; होती ती उल्केने पाडलेली विवरं. आणि उंटाएवढ्या लोखंडाऐवजी हाती आला सशाएवढा, साधारण ११ किलोचा तुकडा. वाटाडे खोटं बोलत होते का? अजिबात नाही. मोठा गोळा तिथेच होता, फक्त वाळूखाली. १९६०च्या दशकात वाऱ्याने वाळू हलवली आणि तो उघडा पडला. सर्वांत मोठ्या विवराची खोली फिल्बीने १२ मीटर नोंदवली होती. १९६१ मध्ये ती ८ मीटरच उरली होती. जमिनीतली वस्तू जागची हलत नाही, तिच्यावरची वाळू हलते.

आजचा हातात धरून फिरायचा मेटल डिटेक्टर फिल्बीकडे असता तर? गोळा मीटरभर खोल असता तर यंत्र ओरडलं असतं. चार मीटर खोल असता तर फिल्बी त्याच्यावरून चालत गेला असता आणि यंत्र गप्प राहिलं असतं. या यंत्राची सगळी कथा अशा ओरडण्याची आणि गप्प बसण्याची आहे. आणि ते कधी काय करेल, हे पेटीवर छापलेल्या आकड्यापेक्षा पायाखालची माती जास्त ठरवते.

यंत्र तसं साधं. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. तिच्यातून बदलती वीज जाते, भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते धातूत शिरलं की धातूत वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते, ती आपलं छोटं क्षेत्र उलट पाठवते आणि कॉइल ते ऐकते. अडचण अंतराची. लहान वस्तूपासूनचं अंतर दुप्पट केलं की जाणारं क्षेत्र आठपटीपर्यंत क्षीण होतं आणि परत येणारा आवाजही तितकाच. म्हणजे एकूण चौसष्टपटीपर्यंत. दहा सेंटिमीटरवर खणखणीत वाजणारं नाणं वीस सेंटिमीटरवर कुजबुजतं. विक्रेता जेव्हा ‘थोडी जास्त खोली मिळेल’ म्हणतो, तेव्हा त्या ‘थोडी’ची किंमत काय असते ते यावरून कळावं.

चाचणी आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाने झालेली पहिली मोठी फजिती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या नावावर आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात राहिली. बेलने ती शोधायला घाईघाईने यंत्र जुळवलं. यादवी युद्धातली जुनी गोळी अंगात वागवणाऱ्या सैनिकावर करून पाहिलं; चाललं. अध्यक्षांवर मात्र चाललं नाही. त्यांच्या गादीत पोलादी तारा होत्या, त्या यंत्राला गोंधळात पाडत होत्या. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून शोध त्याच बाजूला झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. गोळी मिळाली ती पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला. यंत्र ठीक होतं. अंथरूण आणि डॉक्टर या दोन गोष्टी चाचणीत धरलेल्या नव्हत्या.

पुढे गेरहार्ड फिशरने १९३०च्या दशकात हातातल्या यंत्राचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की याने ब्रिटनमध्ये सुरुंग शोधायचं यंत्र बनवलं आणि १९४२ मध्ये अल अलामीनच्या वाळूत ते कामाला लागलं. इजिप्तच्या त्या पट्ट्यात पेरलेले सुरुंग युद्ध संपून पिढ्या उलटल्या तरी निघतच राहिले. एक कारण वाबारचंच: वाळू वर चढते, सुरुंग यंत्राच्या ऐकण्यापलीकडे जातो.

आता सेटिंगकडे. यंत्र विकत घेणारा प्रत्येक जण घरी पहिली गोष्ट करतो ती ‘एअर टेस्ट’. कॉइल हवेत धरायची, समोरून नाणं फिरवायचं, किती अंतरावर वाजतं ते पाहायचं. कोरड्यावर पोहण्याचा प्रकार. हवेला चुंबकत्व नाही, ओल नाही, खडे नाहीत. घरात चाचणी केली तर भर पडते ती भिंतीतल्या सळयांची आणि विजेच्या तारांची, म्हणजे तो आकडाही धड हवेचा राहत नाही. त्यात नाणं आडवं समोर धरलेलं. जमिनीत ते उभंही असू शकतं आणि उभं नाणं फार कमी वाजतं. मग दुसरी पायरी, अंगणात खड्डा करून नाणं पुरायचं. हे बरं, पण उकरलेली माती सैल असते, ओल बदललेली असते. वर्षानुवर्षं गंजलेल्या लोखंडाभोवतीची माती स्वतःच थोडी ‘धातूची’ होते. काल पुरलेल्या खिळ्याला ते भाग्य नसतं.

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो. इथे अंगण खरंच वाकडं असतं.

रियाधच्या आसपासचं अंगण तसं सरळ म्हणायला हवं. शहर नज्दच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला तुवैकची चुनखडीची भिंत, शहराला लागून वादी हनीफा. चुनखडी चुंबकाच्या बाबतीत शांत. तिच्यावर यंत्राची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कानाची तीक्ष्णता, बरीच चढवता येते. पूर्वेकडे दहनाची लाल वाळू. लाल रंग पाहून नवखा घाबरतो, की लोह आलं म्हणजे गोंगाट आला. पण तो रंग हेमटाइट या लोहखनिजाच्या पातळ लेपाचा आहे आणि मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाच्या मानाने हेमटाइट फारच मवाळ. यंत्राला मातीच्या रंगाशी कर्तव्य नाही, मॅग्नेटाइटशी आहे.

पण हेच यंत्र, हेच सेटिंग पश्चिमेला मदीनेच्या बाजूला नेलं की सूर बदलतो. तिथे ‘हर्रा’ म्हणतात ती ज्वालामुखीची काळी पठारं आहेत: हर्रत रहात, हर्रत खैबर. बेसॉल्टचा प्रत्येक खडा धातू असल्याचं सोंग करतो. त्याच भागात महद अध-धहब, म्हणजे ‘सोन्याचा पाळणा’, ही फार प्राचीन खाण आहे; आधुनिक काळात १९३९ ते १९५४ आणि पुन्हा १९८८ पासून तिथून सोनं काढलं गेलं. तिसरा प्रकार सबखाचा, म्हणजे खारट सपाटीचा. कोरडी असताना ती मुकी. पाऊस पडला की मिठाचं पाणी वीज वाहू लागतं आणि यंत्र बडबडू लागतं. रियाधला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, पण तो पडला त्या आठवड्यात कालचं सेटिंग शिळं.

यावर उपाय म्हणून ‘ग्राउंड बॅलन्स’ असतो. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीलगत खालीवर करायची आणि यंत्राला सांगायचं, बाबा रे, हा आवाज मातीचा आहे, याच्याकडे दुर्लक्ष कर. जमीन बदलली की पुन्हा सांगायचं. यंत्र तापलं की पुन्हा. आणि रियाधच्या उन्हाळ्यात ते तापतंच. अनुभवी माणसाची दुसरी खूण म्हणजे तो गोंगाटाच्या मातीत सेन्सिटिव्हिटी कमी करतो. नवखा वाढवतो. कमी सेटिंगवर शांतपणे चालणारं यंत्र कमाल सेटिंगवर किंचाळणाऱ्या यंत्राहून खोलवरचं सांगतं, हे पटायला थोडे व्यर्थ खड्डे खणावे लागतात. आणि ‘डिस्क्रिमिनेशन’, म्हणजे कचरा गाळण्याची सोय, ही तर दुधारी सुरी: पेयाच्या डब्याची चावी गाळली की जवळपास तसाच प्रतिसाद देणारी पातळ सोन्याची अंगठीही गाळली जाते.

मराठी वाचकाला हा हर्राचा त्रास समजायला सौदीत जायची गरज नाही. दख्खनचं पठार बेसॉल्टचं, कोकणात जांभा. दोन्ही या यंत्राचे जुने वैरी. जांभ्यासारख्या मातीत चुंबकीय कण इतके बारीक असतात की यंत्राचं क्षेत्र बंद झाल्यावरही ते क्षणभर ‘आठवण’ ठेवतात आणि त्या आठवणीचा आवाज धातूसारखा येतो. लाओस आणि मोझांबिकमध्ये सुरुंग काढणाऱ्यांना याच मातीने छळलं. म्हणूनच २००४ मध्ये लाओसात आणि २००५ मध्ये मोझांबिकमध्ये युरोपीय संघाच्या इस्प्रा इथल्या संशोधन केंद्राने यंत्रांच्या पद्धतशीर चाचण्या तिथल्याच जमिनीवर घेतल्या. त्याआधी २००३ मध्ये अशा चाचण्या कशा घ्यायच्या याचा युरोपीय करार झाला होता: हवेत वेगळी, मातीत वेगळी आणि आंधळी चाचणी वेगळी. आंधळी म्हणजे कुठे काय पुरलंय हे चालवणाऱ्याला माहीत नाही. क्रोएशिया आणि जर्मनीतल्या तशा चाचण्यांत एक अवघड सत्य पुढे आलं. एकच यंत्र दोन माणसांच्या हातात दोन निकाल देतं.

हौशी माणसाची चूक म्हणजे एक फुकटचा खड्डा. सुरुंग काढणाऱ्याची चूक तशी नसते, आणि या कामाचा एक धागा रियाधलाच बांधलेला आहे. किंग सलमान मानवतावादी मदत केंद्र २०१५ मध्ये रियाधमध्ये सुरू झालं. त्याने २०१८ च्या मध्यात येमेनसाठी ‘मसाम’ हा सुरुंगनिवारण प्रकल्प काढला. आजवर निकामी केलेल्या सुरुंगांची आणि स्फोटकांची मोजणी लाखांत आहे. किंमतही मोजावी लागली: जानेवारी २०१९ मध्ये मारिबमध्ये झालेल्या स्फोटात प्रकल्पाचे पाच परदेशी तज्ज्ञ मारले गेले.

येमेन म्हणजे सेटिंगची परीक्षा घेणारा देश. तिहामाच्या किनाऱ्यावर सरकती वाळू, मारिबला वाळवंट आणि तैझच्या डोंगरांत ‘येमेन ट्रॅप’, म्हणजे आपल्या दख्खनसारखाच थरांवर थर साचलेला लाव्हा. त्यात बनावट दगडांत लपवलेली स्फोटकं. जगभरच्या युद्धांत वापरलेल्या काही सुरुंगांत धातू नावापुरताच असतो. अमेरिकी एम-१४ या प्लास्टिकच्या सुरुंगात तर मुख्यतः एक पोलादी पिन. तेवढ्यासाठी सेन्सिटिव्हिटी चढवावी तर एका सुरुंगामागे शेकडो खिळे, काडतुसं, डबे वाजतात, आणि प्रत्येक आवाज सुरुंग समजूनच उकरावा लागतो.

किती खोल उकरायचं? आंतरराष्ट्रीय मानकांत, स्थानिक माहिती नसेल तेव्हासाठी, १३ सेंटिमीटर हा आकडा सुचवला गेला. तो सुरुंगांच्या खोलीवरून आला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक डिटेक्टर जिथवर भरवशाने ऐकतात तिथवरून तो आला. यंत्राची मर्यादा हाच नियम झाला, आणि हे मानकातच लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा दाखवला गेला, याला दाद द्यायला हवी.

रियाधमध्ये राहणाऱ्या एखाद्याला हे वाचून यंत्र घ्यायची हुक्की आली, तर दोन कायदे आधी पाहावेत. २०१४ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार परवान्याशिवाय प्राचीन वस्तूंसाठी खणणं गुन्हा आहे. सापडलेलं काही असेल तर ते हेरिटेज कमिशनला कळवायचं. खनिजांसाठी १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेला खाणकायदा परवाना मागतो. सुटीला गावी यंत्र न्यायचा विचार असेल तर भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे: जमिनीत लपवलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक.

सुरुंग काढणारे रोज सकाळी कामाआधी ज्या जमिनीवर उतरायचं तिथली धातू नसलेली जागा निवडतात. तिथे धातूचा ठरलेला तुकडा ठरलेल्या खोलीवर पुरतात आणि त्यावरून कॉइल फिरवतात. तो वाजला नाही, तर ते यंत्र त्या दिवशी सुरुंगाच्या पट्ट्यात नेत नाहीत.