रूळ हीच मोजपट्टी

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' आता धावत नाही. तिची प्रतिकृती करायची, तर मापे कुठून आणाल? 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चाले. त्या इंजिनाचे समोरून घेतलेले जुने छायाचित्र मिळाले, की मोजपट्टी त्यातच सापडते. शकुंतलेच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर 762 मिमी. समजा, छायाचित्रात ते 20 मिमी भरले आणि इंजिनाच्या पुढची आडवी तुळई 50 मिमी. मग तुळईची खरी लांबी 762 × 50 ÷ 20, म्हणजे 1905 मिमी.

मात्र रुळांतील अंतर नेमके तुळईखालीच मोजा. दूर जाणारे रूळ जवळ येत गेल्यासारखे दिसतात. मागचे अंतर धरलेत, तर तुमचे इंजिन फुगून बसेल!

आता 87 ने भागा. तुळई सुमारे 22 मिमी, रुळांतील अंतर 8.8 मिमी; प्रतिकृतींसाठी मिळणारे 9 मिमीचे तयार रूळ चालतील. रंग मात्र कृष्णधवल छायाचित्र सांगणार नाही. त्यासाठी जुन्या गँगमनला गाठा, आणि लवकर गाठा.

शिरड शहापूरच्या वाचकांनी 762 धरू नये. पूर्णा-हिंगोली मार्ग ब्रॉडगेज होण्यापूर्वी मीटरगेज होता. त्या गाड्यांच्या छायाचित्रांत मोजपट्टी 1000 मिमीची.