लग्न मानवलं!

१९८७ सालची दिवाळी. लग्नानंतर प्रथमच सपत्नीक गावी गेलो होतो. वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकले, तोच समोरच्या काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात शेरा दिला, "लग्न मानवलं हो तुला!" पत्नी लाजली, आई कृतार्थ झाली आणि मी शर्टाच्या ताणलेल्या बटणावरून अभिमानाने हात फिरवला. वर्षभरात माझे वजन ५८ किलोवरून ६६ वर गेले होते. बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो. पगाराबरोबर पोटही वाढले, तर त्यात कोणाला काय वावगे वाटणार?

आपली भाषाच पाहा ना. मूल बाळसे धरते, सून अंगाने भरते, जावई खात्यापित्या घरचा दिसतो. चार किलो वजन वाढले की 'तब्येत सुधारली' आणि तेवढेच उतरले की 'बरं नव्हतं का?' या भाषेला हसू नये. तिच्यामागे भुकेची आठवण आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी खाल्लेल्या माणसांनी पुढे नातवाच्या भातावर तुपाची धार जरा सैल हाताने सोडली, तर त्यांना दोष कोणी द्यावा? फक्त एवढेच, की दिवस पालटले आणि शब्द तेच राहिले.

आमच्या शाखेत एक हेड कॅशिअर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हात-पाय काटकुळे, घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल. शर्टाखाली मात्र मडके ठेवल्यासारखे पोट. स्टेशनवरच्या वजनकाट्यावर उभे राहण्याचा त्यांना भारी नाद. दिवे लुकलुकत, चक्र फिरे आणि खटकन तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. "६२ किलो. उंचीच्या मानाने बरोब्बर!" असे म्हणत ते तिकीट पाकिटात जपून ठेवत आणि आमच्या जाड्या शिपायाची यथेच्छ टिंगल करत. अकराला बटाटावडा, चारला दोन चमचे साखरेचा चहा, आणि उपवास असला तर साबुदाण्याची खिचडी. एकादशी आणि दुप्पट खाशी!

१९९७ च्या मार्चअखेरीस हिशेब जुळवत बसलो असताना रात्री साडेदहाला त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णालयात कळले, की रक्तातली साखर बहुधा काही वर्षांपासून वाढलेली होती आणि कोणी कधी तपासलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. वय ४७. मुलगा दहावीत. त्यांच्या पाकिटातले तिकीट मी स्वतः पाहिले. वजन बरोबर होते.

हे कोडे मला पुष्कळ वर्षांनी सुटले, आणि तेही आपल्या पुण्यातल्याच एका डॉक्टरांमुळे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. तो दोघांचाही २२.३ होता. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच! पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांचे निघाले ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून जाडा. हा आपल्याकडचा माणूस. हे आमचे अण्णा.

असे का व्हावे? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपली बाळे लहानखुरी, स्नायू कमी, अवयव छोटे. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात असताना जेवढे पोषण मिळाले, तेवढ्यात निसर्गाने अशी काटकसर केली. अशा शरीराला पुढे बैठे काम, तळलेले आणि गोडधोड मिळाले, की जादा शिल्लक नेमकी पोटात साठते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर कातडीखालची चरबी ही मुदत ठेव, फारशी हलत नाही. पोटात, आतड्यांभोवती साठलेली चरबी म्हणजे चालू खाते. तिची उलाढाल अखंड सुरू असते. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले यकृताकडे जातात, तिथे चरबी धरते, इन्सुलिनचे काम अडते आणि स्वादुपिंडाला जादा पाळी करावी लागते. ते थकले, की मधुमेह. जोडीला रक्तदाब, हृदयविकार, झोपेत कोंडणारा श्वास, झिजणारे गुडघे आणि काही प्रकारचे कर्करोगसुद्धा.

आता ताळेबंद पाहू. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कृश निघाल्या आणि पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वाढ खुंटलेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली. कुपोषण आणि लठ्ठपणा ही श्रीमंत-गरिबांची वेगवेगळी दुखणी आहेत असे आपण समजत होतो. ती एकाच घरात, कधी कधी एकाच देहात नांदतात. आज उपाशी राहिलेल्या गरोदर बाईचे मूल चाळिशीत औषधांच्या दुकानासमोर उभे राहू शकते.

म्हणून हा केवळ जिभेवर ताबा नसल्याचा प्रश्न नव्हे. आमच्या घराजवळचे मैदान वाहनतळ झाले, पदपथ टपऱ्यांनी खाल्ला, शाळेच्या वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताने गिळला. मग मुलाला 'ढब्बू' म्हणून हिणवायचे, ते कोणत्या तोंडाने? हिणवल्याने वजन उतरत नाही, मूल मात्र मैदान सोडून कोपऱ्यात बसते. शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम आपल्याकडे २०२० साली झाला आहे. तुमच्या शाळेच्या दाराशी एकदा उभे राहून पाहा. चिली देशाने २०१६ पासून अशा पदार्थांच्या वेष्टनावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. पोरालाही दुरून दिसावा असा. आपल्याकडे तो मजकूर पाकिटाच्या पाठीवर बारीक टाइपात असतो. कर्जाच्या कागदांवर आयुष्य काढलेल्या मला बारीक टाइप कशासाठी असतो, हे वेगळे सांगायला नको.

घरात मात्र एक गोष्ट आजच करता येते. शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ही वेस मानावी. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मोजले, तेव्हा टेप ९९ वर थांबली. काकूंच्या त्या शेऱ्याला तीस वर्षे उलटली होती.

गेल्या महिन्यात अण्णांचा मुलगा बढतीचे पेढे घेऊन आला. वडिलांच्या वयाला टेकलाय. तेच काटकुळे हात, तीच सैल मनगटे आणि शर्टाखाली तेच मडके. आमची ही कौतुकाने म्हणाली, "छान तब्येत झाली हो तुझी!" तो हसला. मला हसता येईना. माझ्या डोळ्यांपुढे ते स्टेशनवरचे तिकीट आले.

उठलो, टेप आणली. "काका, हे काय?" म्हणून तो संकोचला. मी आधी माझे पोट मोजून दाखवले, मग त्याचे मोजले. आकडा सांगत नाही, तो त्याचा आहे. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग त्याने विचारले, "बाबांचं कुणी मोजलं होतं?"

नव्हते मोजले. आम्ही पंचवीस माणसे रोज त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या पैशांचा पै न् पै हिशेब लावत होतो.

येत्या मंगळवारी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला जायचे ठरले आहे. तो एकटा जाणार होता. मी म्हटले, दोघे जाऊ, आणि चालत जाऊ.