जुनी गाडी, गरम इंजिन आणि खोटं बोलणारा सेन्सर

गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत लावलं की सुरू व्हायला कुरकुर, सायलेन्सरमधून काळा धूर, मायलेज घसरलेलं. जुन्या एमपीएफआय पेट्रोल गाडीत अशा वेळी माझा पहिला संशय कूलंट टेंपरेचर सेन्सरवर असतो. इंजिन गार आहे असं त्याने ईसीयूला सांगितलं, की ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो.

हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना साधारण दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. सेन्सर काढून गरम पाण्यात धरा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि मल्टिमीटरवर आकडा हळूहळू उतरतो का ते पाहा. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला.

पण आधी कनेक्टर तपासाच! कोकणातल्या पावसात पिनांवर हिरवा गंज हमखास चढतो, आणि लोक उगाच नवा सेन्सर विकत घेतात. स्कॅनरवर तापमान उणे ४० दिसलं तर वायर तुटलेली किंवा प्लग निघालेला असण्याची शक्यता मोठी. तापमान खरोखरच वर चढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का बघा.

सेन्सर बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने भाजतं. नवा वॉशर लावा, आणि कूलंट भरल्यावर सिस्टिममधली हवा काढायला विसरू नका.