पाठ घोड्याची, मांड स्वाराची
(घोडा आणि स्वार : लेखांक ७)

मागच्या लेखांकात उडीचे टप्पे पाहिले : अडथळ्याकडे येणे, उचल, हवेतला भाग आणि उतरणे. या सगळ्यांत स्वाराचे वजन घोड्यापर्यंत पोहोचते ते खोगिरातून, आणि मराठवाड्यात त्या खोगिराकडे सगळ्यात शेवटी लक्ष जाते. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात गिऱ्हाईक दात बघते, भोवरे मोजते, कानांची टोके एकमेकांना टेकतात का ते बघते आणि रेवाल चाल चालवून दाखव म्हणते. एवढी पारख करून सौदा ठरला की मग साजाच्या दुकानावरून कातडे चकचकीत दिसेल ते खोगीर उचलायचे. वरातीच्या किंवा मिरवणुकीच्या घोड्याला ते एकवेळ चालून जाईल, कारण त्याला पायपायच चालायचे असते. ज्या घोड्याला मीटरभर उंचीच्या दांड्यावरून न्यायचे आहे त्याचे मात्र अशा खरेदीने नुकसान होते, आणि ते लगेच दिसत नाही म्हणून अधिक वाईट.

खोगीर घोड्यालाही बसले पाहिजे आणि स्वारालाही, हे वाक्य सगळेच बोलतात. ते ऐकून असे वाटते, की थोडे घोड्याने सोसावे, थोडे स्वाराने सोसावे, आणि मधे कुठेतरी तोडगा निघावा. माझे म्हणणे असे की इथे तोडग्याला जागाच नाही. खोगिराचा खालचा भाग, म्हणजे आतला सांगाडा (ज्याला धंद्यात ट्री म्हणतात) आणि त्याखालच्या दोन भरीव गाद्या, यांवर हक्क फक्त घोड्याच्या पाठीचा. वरचा भाग, म्हणजे बैठक, बाजूचे फ्लॅप, गुडघ्यापुढची उशी आणि रिकिबी अडकवायची जागा, हा स्वाराच्या मापाचा. आधी खालचा हिशेब पुरा करायचा आणि त्यात जी खोगिरे पास होतील त्यांतूनच वरचा हिशेब मांडायचा. हा क्रम उलटला की फसगत ठरलेली. मात्र त्यापुढचा अर्धा भाग कमी लोकांच्या लक्षात येतो : जंपिंग सॅडलमध्ये स्वाराला न बसलेले खोगीर शेवटी घोड्यालाही बसत नाही. ते कसे, हे पाहण्याआधी पाठ पाहू.

घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेचे मणके सुरू होतात आणि त्यांना खालून बरगड्यांचा आधार नसतो, म्हणून खोगिराचा भार त्या रेषेपलीकडे जाता कामा नये. ही झाली मागची हद्द. पुढची हद्द खांद्याच्या चपट्या हाडाची. पुढचा पाय पुढे पडतो तेव्हा या हाडाचा वरचा काठ मागे सरकतो. उडीच्या वेळी घोडा पुढचे दोन्ही पाय दुमडून वर घेतो आणि उतरताना ते लांब टाकतो. तेव्हा हाडाच्या त्या काठाला फिरायला मोकळी जागा लागते. खोगिराचा सांगाडा तिथे आडवा आला की घोडा पाय आखडता घेऊ लागतो, दांडा पाडतो, किंवा अडथळ्यापुढे सरळ थांबतो, आणि मालक म्हणतो की जनावर अडेल निघाले. या दोन हद्दींच्या मधे जेवढी पाठ उरते तेवढीच खोगिराची जागा. लहान चणीच्या देशी घोड्यात ती फार थोडी असते.

ही जागा मोजायला यंत्र लागत नाही. घोडा सपाट फरशीवर चारही पायांवर सारखा उभा करावा. बरगड्यांवरून बोटे मागे नेत शेवटची बरगडी सापडली की तिच्या कडेने वर कण्यापर्यंत जावे आणि खडूने खूण करावी. खांद्याच्या हाडाचा मागचा काठ हाताला लागतो, तिथे दुसरी खूण. मग वायरमनकडे मिळते तशी जाड, वाकवली की तशीच राहणारी ॲल्युमिनियमची तार घ्यावी. खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटांवर ती पाठीवर आडवी दाबून बसवावी आणि अलगद उचलून पुठ्ठ्यावर तिचा आकार पेन्सिलने काढावा. असाच आकार पाठीच्या खोलगट भागावर आणि तिसरा शेवटच्या बरगडीशी. पुठ्ठे कापले की घोड्याच्या पाठीचे माप हातात आले, आणि ते दुकानात किंवा कुरियरने कारागिराकडे नेता येते. प्रत्यक्ष खोगीर तपासताना खालचा नमदा न घालता ते जरा पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे ते आपल्या जागी जाऊन थांबते. मानेच्या बुडाशी पाठीचा जो उंचवटा असतो, ज्याला घोडेवाले इंग्रजीतूनच विदर्स म्हणतात, त्याच्या आणि खोगिराच्या पुढच्या कमानीच्या मधे स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटे गेली पाहिजेत. मधल्या पन्हळीतून मागून पाहिले तर पुढचा उजेड दिसला पाहिजे आणि कण्याला दोन्ही बाजूंनी कुठेच स्पर्श नको. शेवटी तळहात गादीखालून पुढून मागे फिरवावा. पुढे आणि मागे हात दाबला जातो आणि मधे सैल राहतो असे झाले, तर खोगीर चार ठिगळांवर टेकले आहे. मधेच दाबले जात असेल तर ते झोपाळ्यासारखे हलणार.

आता बाजारातला माल पाहू. आपल्याकडच्या चामडी खोगिरांचे मोठे केंद्र कानपूर. इंग्रजी लष्करासाठी १८६०च्या दशकात तिथे सरकारी हार्नेस आणि सॅडलरी कारखाना उभा राहिला, त्याभोवती कारागिरी वाढली आणि आज ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकन आहे. या मालातला मोठा वाटा परदेशी जातो, आणि तिकडचे उडीचे घोडे रुंद पाठीचे, भरदार अंगाचे असतात. आपल्या बाजारांत मारवाडी, काठेवाडी आणि त्यांच्या संकराचे घोडे जास्त, छातीने अरुंद आणि अंगाने हलके. त्यांच्यावर रुंद सांगाडा ठेवला की तो पुढे खाली बसतो आणि कमान विदर्सवर घासते. ‘मीडियम’ किंवा ‘वाइड’ या शिक्क्यांवर विसंबून चालत नाही, कारण एका कारखान्याचे मीडियम दुसऱ्याच्या वाइडइतके असू शकते. पुठ्ठा खोटे बोलत नाही, शिक्का बोलतो.

स्वाराच्या बाजूचा प्रश्न तसा नवा, शंभर-सव्वाशे वर्षांचा. त्याआधी युरोपातले स्वार उडी घेताना मागे रेलत आणि लगाम ओढून धरत. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे उलटवले : रिकिबी आखूड, नितंब खोगिरापासून उचललेले, धड पुढे, आणि घोड्याच्या मानेला मोकळीक. या मांडीसाठीच आजची जंपिंग सॅडल घडली. रिकीब आखूड झाली की गुडघा वर आणि पुढे जातो, म्हणून फ्लॅप पुढे झुकलेला लागतो. बैठकीचे माप पुढच्या खिळ्यापासून मागच्या कठड्याच्या मध्यापर्यंत इंचांत घेतात. पोरांसाठी पंधरा-सोळा, मोठ्यांसाठी साडेसोळा ते अठरा. पण आकडा हा फक्त नितंबांचा हिशेब. मांडीच्या हाडाची लांबी त्याहून महत्त्वाची. लांब मांडीच्या स्वाराला सरळ फ्लॅपच्या खोगिरात बसवले की गुडघा फ्लॅपच्या पुढे जातो. तो मागे आणायला स्वार कठड्याकडे सरकतो, आणि त्याचे सगळे वजन शेवटच्या बरगडीवर पडते. रिकिबीची जागा फार पुढे असेल तर पाय पुढे झुलतो, उडी उतरताना स्वार मागे पडतो आणि घोड्याच्या पाठीवर आपटतो. दुडकीत आणि कँटरमध्ये पाठीवर येणारा जोर स्वाराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो हे दाबमापक गाद्यांनी मोजलेले आहे, तेव्हा आपटण्याचा हिशेब वेगळा सांगायला नको. म्हणजे सांगाडा पुठ्ठ्याशी तंतोतंत जुळला, तरी फ्लॅप चुकला की भार भलत्या जागी जातो. इंग्लंडमध्ये स्यू डायसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वजनाच्या स्वारांना त्याच घोड्यांवर बसवून पाहिले. जड स्वारांच्या चाचण्या घोडे लंगडू लागल्याने किंवा दुखण्याची लक्षणे दाखवू लागल्याने मध्येच थांबवाव्या लागल्या, आणि खोगीर स्वाराला बसते की नाही याकडेही संशोधकांनी मुद्दाम लक्ष वेधले.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा : एवढे कशाला, जाड नमदा घाला. खोगीर किंचित रुंद असेल तर नमदा खरोखर उपयोगी पडतो, पाचर घातल्यासारखा. पण ते अरुंद असेल, आणि घासते म्हणून लोक नमदा वाढवतात तेव्हा बहुधा ते अरुंदच असते, तर जाड नमद्याने दाब वाढतो. घट्ट बुटात जाड मोजे घालण्याचाच हा प्रकार.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे आणि म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आपले शिलेदार भीमथडीच्या तट्टांवरून साध्या भरीव खोगिरावर मुलूख पालथा घालत, १७६०मध्ये उदगीरला निजामाला नमवून भाऊसाहेबांची फौज उत्तरेकडे निघाली ती काय सांगाड्याची मापे काढून? बरोबर आहे. पण ती मांड लांब पल्ल्याची, बसून चालण्याची, आणि काम दौडीचे होते. उडीत स्वार उभा असतो. सगळे वजन दोन रिकिबींवर, म्हणजे पट्टा अडकवायच्या दोन छोट्या जागांवर येते. आत सांगाडा असेल तर तो हे वजन पाठभर पसरवतो, नसेल तर ते त्या दोन ठिकाणीच बोचते. अमेरिकेत मिशिगनमधल्या हिलरी क्लेटन यांच्या गटाने २०१२मध्ये सांगाड्याचे आणि बिनसांगाड्याचे खोगीर शेजारी शेजारी मोजले. बसून दुडकी घेतानासुद्धा बिनसांगाड्याखाली दाब ठरावीक ठिकाणी अधिक एकवटलेला आढळला. पूर्वजांच्या घोड्यांच्या पाठी सोलवटत नव्हत्या असा पुरावा कोणी दिलेला नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात खरा. दहा घोड्यांच्या शाळेने दहा खोगिरे कुठून आणायची? इथे मी थोडा मागे हटतो. पुढची कमानीची पट्टी बदलता येणारे खोगीर आणि लोकर भरलेल्या गाद्या, या दोन गोष्टींचा आग्रह धरला तर एक खोगीर सारख्या ठेवणीच्या दोन-तीन घोड्यांना पुरते. फोमच्या गादीत फेरफार जवळजवळ होत नाही, लोकर मात्र काढता-घालता येते. आणि शाळेने घोडे खरेदी करताना पुठ्ठे सोबत नेले तर खोगिराचा निम्मा खर्च घोड्याच्या निवडीतच वाचतो.

लोकरीचा आग्रह आणखी एका कारणाने. बाजारात विक्रीला आणलेला घोडा बहुधा भरवलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत त्या गोल पाठीवर बसवलेले खोगीर वैशाखात, कामाने आणि उन्हाने अंग उतरल्यावर, पुढे कलते. नियमित सराव झाला तर उलट कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भरतात आणि तेच खोगीर घट्ट होते. म्हणून तिमाहीला पुठ्ठा पुन्हा लावून पाहावा. रोज पाहायची खूण सोपी : काम झाल्यावर नमदा उचलला की पाठ सारखी ओली हवी. ओल्या पाठीत मधेच कोरडे ठिगळ दिसले तर तिथे एक तर फार दाब आहे किंवा गादी टेकतच नाही, आणि कोणते ते तळहात सांगतो. त्याच जागी पुढे पांढरे केस आले तर दाब जुना आहे. एक सावधगिरी मात्र हवी. खोगीर सारखे एका बाजूला घसरत असेल तर दोष खोगिराचाच असे नाही. लाइन ग्रीव्ह आणि डायसन यांना २०१३मध्ये असे आढळले, की पुष्कळदा मागच्या पायात लंगडेपणा असतो, डोळ्याला न दिसणारा, आणि तो दूर झाला की घसरणेही थांबते. अशा वेळी कारागिराकडे जाण्याआधी घोडा पशुवैद्याला दाखवावा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

उरते ती अवघड जोडी : उंच, लांब मांडीचा, पंचाहत्तर किलोचा स्वार आणि तेरा-चौदा मुठींचे आखूड पाठीचे तट्टू. फ्लॅप पुढे झुकवून बैठक थोडी वाचवता येते, गादी मागे वर वळवून बरगडीची हद्द थोडी सांभाळता येते. पण अठरा इंची बैठकीखालच्या गाद्या त्या पाठीच्या दोन खडूच्या खुणांत मावत नसतील तर कोणताही कारागीर त्या तिथे बसवून देणार नाही. वजनाचाही हिशेब आड येतो. ओहायोमध्ये २००८मध्ये आठ घोड्यांवर झालेल्या प्रयोगात ओझे अंगाच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत फारसे जाणवले नाही, २५ आणि ३० टक्क्यांना नाडी वाढली आणि स्नायू दुखले. तट्टू तीनशे किलोचे असेल तर वीस टक्के म्हणजे साठ किलो, आणि त्यात खोगिराचे सहा-सात किलो आलेच. त्या स्वाराने दुसरा घोडा पाहावा आणि ते तट्टू घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला द्यावे. तिच्या मापाची सोळा इंची बैठक त्या पाठीवर सहज मावेल.