‘इंडिका’च्या नावानं चांगभलं

गैरसमज: गांज्यातली इंडिका झोप आणते, सॅटिव्हा तरतरी देते. शिवाय इंडिका म्हणजे अस्सल आपली, हिंदुस्थानी.

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये मोबाइलवरून मिळवलेलं हे ज्ञान हल्ली फार ऐकू येतं. कोणी तर ‘सत्तर टक्के इंडिका’ असा हिशेबही ठोकून देतो.

वस्तुस्थिती: वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये भांगेच्या झाडाला कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं. लामार्कनं १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली. ती झाडं चिंचोळ्या पानांची होती. आज इंडिका म्हणून दाखवलं जाणारं बुटकं, रुंद पानांचं झाड मूळचं अफगाणिस्तानकडचं. १९७० च्या दशकात रिचर्ड शुल्टिस यांनी त्याला इंडिका म्हटलं आणि तेच चित्र रूढ झालं. म्हणजे पानांवरून निवाडा करायचा तर आपल्याकडचा पारंपरिक गांजा बाजाराच्या भाषेत ‘सॅटिव्हा’ ठरतो. घ्या!

बुटकेपणा, रुंद पान, लवकर येणारा फुलोरा ही लक्षणं खोटी नाहीत. पण त्यांवरून नशा कशी चढेल, हे सांगता येत नाही. नशा टीएचसी या रसायनाची असते. झाडात ते किती आणि सीबीडी हे दुसरं रसायन किती, हे मुख्यतः ती रसायनं घडवणारी जनुकं ठरवतात. पानाच्या रुंदीचा तिथं संबंध नाही. पुढचं मात्रेवर, ओढलं की खाल्लं यावर आणि माणसाच्या सवयीवर.

विश्वास बसत नसेल तर कॅनडातल्या संशोधकांचा २०१५ चा अभ्यास पाहा. त्यांनी गांज्याचे ८१ नमुने जनुकीय पातळीवर तपासले. सॅटिव्हा म्हणवणारा ‘जमैकन लॅम्ब्स ब्रेड’ चक्क एका अफगाणी इंडिकाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. २०२१ मध्ये ‘नेचर प्लांट्स’मधल्या अभ्यासातही लेबलाचा संबंध मुख्यतः मायर्सीनसारख्या मोजक्या गंधद्रव्यांशी दिसला. थोडक्यात, लेबल फार तर वास सांगतं. कॅनडात निदान पाकिटावर टीएचसीचं प्रमाण छापतात. इथं चोरून विकल्या जाणाऱ्या पुडीतला ‘सत्तर टक्के’ कोणी मोजला?

आता उरलेले गैरसमज.

‘भांग वेगळी, गांजा वेगळा.’ झाड एकच. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा, चरस राळेचा.

‘भांगेला कायदा लागू नाही.’ नुसती पानं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याबाहेर आहेत, राज्याच्या कायद्याबाहेर नाहीत. होळीला नागपूरला जाताना विनापरवाना भांग नेलीत तर महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू होतो.

‘इंग्रजांच्या आयोगानंच गांजा निर्दोष ठरवला.’ १८९३-९४ च्या आयोगानं माफक सेवनाबद्दल तसं म्हटलं. अतिसेवन घातक, हेही त्याच अहवालात आहे. तेवढं पान कोणी वाचत नाही.

‘वनस्पतीच ती, व्यसन कसलं?’ अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनुसार गांज्याचं सेवन करणाऱ्या दहांपैकी साधारण तिघांना त्या सेवनाचा विकार जडतो.

‘सौम्य इंडिका असेल तर पोलीस सोडतात.’ कायद्याच्या व्याख्येत कॅनाबिस प्रजातीतलं कोणतंही झाड येतं आणि त्याचा फुलोरा कोणत्याही नावानं ओळखला जात असला तरी तो गांजाच. एक किलोपर्यंतच्या ‘अल्प’ मालाबद्दलही वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तिथं सत्तर टक्क्यांची सूट नाही.